हँडिकॅप कमिटीला खुलं पत्र: कार्ड धरायचं की नाही ते पहिल्या टीवर ठरवा, अठराव्या ग्रीनवर नाही

आपल्या गोल्फ क्लबच्या हँडिकॅप कमिटीतल्या सगळ्या मंडळींना नमस्कार,

स्टार्टरच्या खिडकीशेजारी तुम्ही लावलेला कागद वाचला. यापुढे हँडिकॅपला, म्हणजे खेळाडूला स्पर्धेत मिळणाऱ्या शॉटांच्या सवलतीला, फक्त मंथली मेडल (महिन्याची क्लब स्पर्धा) आणि क्लबच्या स्पर्धांची स्कोअरकार्डं धरणार, शनिवार-रविवारचे 'फ्रेंडली' राऊंड बंद, कारण लोक वाट्टेल ते स्कोअर टाकतात. कागद वाचून पहिल्यांदा चिडलो, मग वाटलं आपण कुठल्या तोंडाने चिडतोय, म्हणून आधी माझी गोष्ट सांगतो आणि मग भांडतो.

फेब्रुवारीतला शनिवार. आमचे नेहमीचे चौघं, प्रत्येकाचा आपापला बॉल, स्टेबलफर्ड (म्हणजे प्रत्येक होलला पॉइंट), हरणाऱ्याने बिर्याणी द्यायची. बिर्याणी असल्यामुळे कोणी कोणाला वीतभर अंतराचा पटसुद्धा (ग्रीनवर होलकडे ढकलायचा शॉट) सोडत नव्हतं, सगळे पट पाडायचे, मुलिगन (फुकटचा दुसरा फटका) नाही, बॉल हलवायचा नाही, म्हणजे मेडललासुद्धा आम्ही इतकं कडक खेळत नाही. आणि त्या दिवशी माझं काय झालं होतं देव जाणे, ड्रायव्हर सरळ, चिप पिनजवळ, अठराव्यावर तीन फुटांचा पट पाडला आणि बेरीज आली ८२. मी १५ हँडिकॅपच्या आसपासचा माणूस, आणि गोल्फमध्ये आकडा कमी तितका चांगला, वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा असं होतं. कॅडी झेंडा हातात धरून म्हणाला, साहेब ब्याऐंशी, आज पेढे पाहिजेत. आणि तेवढ्यात आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "हे टाकू नकोस हां, पुढच्या महिन्यात मेंबर-गेस्ट आहे." म्हणजे मेंबर आणि पाहुण्यांची स्पर्धा; चांगलं कार्ड टाकलं की तिथली सवलत घटते.

मी नाही टाकलं. नाही म्हणालो असं पण नाही, नुसतं हसलो, कार्ड घडी करून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सरकवलं, जिथे तुटक्या टी आणि जुने ग्लव्ह पडलेले असतात. त्यानंतर दोन आठवड्यांनी ९८ मारले, तीनदा ओबी (हद्दीबाहेर), एक बॉल थेट तळ्यात. तो स्कोअर मी पार्किंगमध्ये बूट काढायच्या आधी फोनवरून टाकला होता. एवढी तत्परता मी लाइट बिलाच्या बाबतीत पण दाखवत नाही.

आता याचा हिशोब बघा, कारण पुष्कळ मेंबरांना अजून वाटतं की वाईट कार्ड टाकल्याने काही बिघडत नाही, शेवटी चांगलीच कार्डं धरतात ना. आपल्या कोर्सचं रेटिंग (पट्टीच्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) ७०.८ आणि स्लोप (साध्या खेळाडूला कोर्स किती जास्त जड जातो तो आकडा) १२४. ८२ चं डिफरन्शियल, म्हणजे कोर्सच्या अवघडपणाप्रमाणे बेतलेला आकडा, काढायचं तर ८२ मधून ७०.८ वजा, राहिले ११.२, त्याला ११३ ने गुणायचं, १२४ ने भागायचं, येतं १०.२. तसंच ९८ चं येतं २४.८. इंडेक्स, म्हणजे आपला हँडिकॅपचा आकडा, ही शेवटच्या २० कार्डांतल्या सगळ्यात चांगल्या ८ ची सरासरी. माझा इंडेक्स होता १५.२, आणि त्या आठातलं सगळ्यात कमजोर कार्ड होतं १६.६ चं. ८२ टाकलं असतं तर १६.६ बाहेर, १०.२ आत, फरक ६.४, भागिले ८, म्हणजे इंडेक्स १४.४. पाऊण शॉट. एवढ्यासाठी मी, बँकेत नोकरी केलेला माणूस, कार्ड लपवून बसलो.

आणि ९८ चं काय? ते आठात गेलं नाही, बरोबर. पण वीसची रांग आहे हो, पुढून एक आत आलं की मागून एक बाहेर जातं. तोपर्यंत माझ्या रांगेत सगळ्यात मागे सरकलं होतं गेल्या वर्षीचं १३.० चं झकास कार्ड, ते गेलं ढकललं, त्याच्या जागी आठात १७.० चं कार्ड चढलं, इंडेक्स अर्ध्या शॉटने वर. म्हणजे चांगलं लपवून आणि वाईट टाकून मी एका महिन्यात सव्वा शॉटाची कमाई केली, एक अक्षर खोटं न लिहिता. स्कोअर दोन्ही खरे होते. खोटं होतं ते त्यातून एक निवडणं.

म्हणून तुमचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. तुम्ही म्हणता फ्रेंडली राऊंडमध्ये गडबड आहे म्हणून फ्रेंडली राऊंडच नको. मी म्हणतो गडबड राऊंडमध्ये नाही, राऊंड संपल्यावर 'टाकू की नको' असा विचार करायला जी मुभा आहे तिच्यात आहे.

आपल्याकडच्या दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हसारखं आहे हे. २०१० ला ते आलं तेव्हा घराघरात चर्चा होती, सहा विषयांतले चांगले पाच धरायचे. पण पेपर सहाच्या सहा द्यावे लागत होते ना? गणिताचा पेपर हातात आल्यावर, अवघड आहे, मी आज बसलोच नव्हतो असं समजा, असं कोणाला म्हणता येत होतं का? इथे वीसातले आठ धरतात, म्हणजे बारा वाईट दिवस सिस्टिमने आधीच माफ केलेत. एवढी माफी असताना वर आपण अजून आपली सोय काढायची म्हणजे फार झालं.

फक्त मेडल धरले तर काय होईल ते पण बघा. वर्षाला मेडल १२. त्यातले पावसाने एक-दोन जातात, एक लग्नात जातो, एक दिवाळीत, मला स्वतःला सात मिळाले तर खूप. वीस कार्डं भरायला जवळजवळ तीन वर्षं. म्हणजे माझा जो इंडेक्स असेल तो गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीच्या माणसाचा असेल, आता जो लंगडत दुसऱ्या टीवर चढतो त्याचा नाही. आणि ज्या तरुण मुलाने सहा महिने रेंजवर घाम गाळून खेळ सुधारलाय त्याचा इंडेक्स पण तसाच जुना, जाडजूड, आणि तो स्पर्धेत येऊन सगळ्यांना धुऊन काढणार, मग आपण त्याला बँडिट (आकडा फुगवून बक्षीस लुटणारा) म्हणणार, जेव्हा बिचाऱ्याने काहीच केलेलं नाही, कार्ड घेतलीच नाहीत ती आपण.

हे भांडण आपलं नाही, उसनं आहे हे मला माहितीये. ब्रिटिश पद्धतीत वर्षानुवर्षं मुख्यतः स्पर्धेचीच कार्डं धरत होते, आणि अमेरिकेत उलटं, तिथे घरचा, सुट्टीचा, मित्रांबरोबरचा, सगळा खेळ धरायचा, पूर्वी वीसातले चांगले दहा घेऊन त्याला ०.९६ ने गुणायचे. आपले क्लब ब्रिटिशांनी काढलेले, कलकत्त्याचा रॉयल तर १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना, त्यामुळे आपल्या ज्येष्ठ मेंबरांच्या मनात अजून तेच आहे की मेडल म्हणजे खरं गोल्फ आणि बाकी टाइमपास. पण २०२० ला जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली ती याच भांडणावर तोडगा म्हणून, आणि तिने सरळ सांगितलं की स्पर्धेचा आणि साधा, दोन्ही राऊंड चालतील, फक्त नियमाने खेळा, रेटिंग असलेल्या कोर्सवर खेळा, सोबत कोणीतरी असू दे आणि लगेच टाका. कुठला फॉरमॅट धरायचा ते थोडंफार त्या त्या देशाच्या संस्थेवर सोडलंय, फोरबॉलचं (जोडीतला चांगला स्कोअर धरतात त्या खेळाचं) सगळीकडे सारखं नाही, ते आपल्या इंडियन गोल्फ युनियनच्या नियमाप्रमाणे करा, माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं इंग्लंडवाल्यांनी जे केलं त्याबद्दल आहे. त्यांनाही फ्रेंडली राऊंडची भीती होतीच, आपल्यापेक्षा जास्त होती. त्यांनी राऊंड बंद नाही केले, त्यांनी सांगितलं की खेळायच्या आधी नोंदवा. पहिल्या टीवर जायच्या आधी ॲपमध्ये किंवा वहीत लिहा की आजचा राऊंड हँडिकॅपचा, आणि एकदा लिहिलं की मग ७८ येवो नाहीतर १०८, ते कार्ड जाणारच. नाही आलं तर कमिटी विचारणार. बास, निवड करायची तर करा, पण आंधळी करा, स्कोअर माहीत नसताना करा. माझ्या त्या मित्राला 'हे टाकू नकोस हां' म्हणायला जागाच राहत नाही.

यावर तुमच्यातले काही म्हणतील की मग लोक लिहूनच खेळणार नाहीत. काही नाही लिहिणार. पण स्टार्टरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक माणसाचं नाव आणि टी टाइम असतो की. महिन्यातून एकदा ते रजिस्टर आणि पडलेली कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघा, जो माणूस महिन्यात नऊ वेळा खेळला आणि एकच कार्ड टाकलं, तेही १०१ चं, त्याला चहाला बोलवा. चहा माझ्यातर्फे. मुद्दाम कार्ड न टाकणाऱ्याला पेनल्टी स्कोअर लावायचा अधिकार सिस्टिमने तुम्हाला दिलेलाच आहे, आपल्या क्लबात तो कधी वापरल्याचं मला तरी आठवत नाही.

आता कुठले राऊंड नकोतच, त्याबद्दल मी तुमच्याहून कडक आहे. एकट्याने खेळलेला नको, अमेरिकावाल्यांनी पण २०१६ पासून तो बंद केला, सहा वाजता धुक्यात एकटा माणूस काय मारतो ते त्याला आणि टिटव्यांना माहीत. स्क्रँबल नको, त्यात टीममधला सगळ्यात चांगला बॉल धरून सगळे पुढे खेळतात, स्कोअर तुमचा नसतोच. कंपनीच्या त्या टूर्नामेंट, जिथे टीवर दोन-दोन मुलिगन विकतात आणि होलवर बिअर असते, त्या तर अजिबात नकोत. कोच शेजारी उभा राहून शिकवत असेल तो राऊंड नको. 'ब्रेकफास्ट बॉल' मारला की त्या दिवशी हँडिकॅपचं नाव काढायचं नाही, पहिल्या टीवरचा दुसरा बॉल कितीही सुंदर गेला तरी.

पण गिमीवरून (न पाडता सोडलेल्या पटावरून) मात्र सरसकट फुली मारू नका. मॅचप्लेमध्ये (समोरासमोर, होल जिंकायच्या खेळात) पट देणं हा खेळाचाच भाग आहे, समोरचा म्हणतो 'दिला, उचल', तुम्ही उचलता, तो राऊंड बाद होत नाही. नियम म्हणतो सगळ्यात जास्त शक्यता असलेला स्कोअर लिहा, बॉल पाच फुटांच्या आत असेल तर एक स्ट्रोक धरा, त्याच्यापुढे वीस यार्डांपर्यंत दोन किंवा तीन. आपल्याकडे लोक बारा फुटांवरून पण एकच धरतात, तो भाग वेगळा. स्ट्रोक प्लेला (सगळे शॉट मोजायच्या खेळाला) मात्र पट पाडायचाच, तिथे दिला-घेतला काही नाही.

पावसाचं पण बोलायला पाहिजे, कारण तुमच्या कागदात एक ओळ आहे की जून ते सप्टेंबर प्लेसिंग (बॉल उचलून पुसून परत ठेवणं) असताना कार्ड धरणार नाही. अहो चार महिने! वर्षाचा एक तृतीयांश! आपल्याकडे जुलैत फेअरवेवर बॉल पडला की तिथेच रुततो, अर्धा चिखल घेऊन वर येतो, तो उचलून पुसून ठेवायला लोकल रूल आहे आणि तो लावलेला असला तरी कार्ड चालतं असं सिस्टिमच सांगते. उलट पावसात बॉल रोल होत नाही, मला चौथ्या होलला दोनशे यार्ड राहतात तिथे उन्हाळ्यात एकशे साठ राहतात, म्हणजे प्लेसिंगचा जो फायदा तो तिथेच वसूल होतो. तीन ग्रीन बंद करून फेअरवेवर टेम्पररी ग्रीन कापलेत, पार चार चा होल पार तीन इतका केलाय, तेव्हा नका धरू, कारण ज्या कोर्सला रेटिंग मिळालं तो कोर्सच तो नाही. ते तुम्ही त्या दिवशी बोर्डावर लिहा, आम्ही ऐकू.

आणि यातच एक गोष्ट आहे जी फार कोणाला माहीत नाही. ज्या दिवशी वारा किंवा पाऊस असा असतो की सगळ्यांचेच बारा वाजतात, त्या दिवसाची सिस्टिम स्वतः भरपाई करते, पीसीसी म्हणतात त्याला, दिवस फार सोपा असेल तर एक शॉट कापण्यापासून फार कठीण असेल तर तीन शॉटांची सूट देण्यापर्यंत. पण त्याला त्या दिवशी त्या कोर्सवर किमान आठ कार्डं पडावी लागतात, आणि त्याच दिवशी पडावी लागतात. गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी छत्र्या उलट्या होत होत्या, स्टार्टरच्या रजिस्टरवर तीसेक तरी माणसं होती, संध्याकाळी मी बघितलं तर कार्डं पडलेली पाच. पाचावर सिस्टिमला काही कळतच नाही, तिला वाटलं छान ऊन पडलेलं आणि आम्ही पाच जण गाढवासारखे खेळलो. ज्यांनी प्रामाणिकपणे कार्ड टाकलं त्यांनाच फटका. म्हणजे कार्ड टाकणं हा नुसता माझा-तुमचा खाजगी मामला नाही, मी टाकलं नाही तर शेजारच्याचा आकडा पण चुकतो.

नऊ होलचं एक राहिलं. मंगळवार-गुरुवार सकाळी बायकांचा जो ग्रुप खेळतो त्यात आमच्या सौ. पण आहेत. नऊ होल, दोन तास, मग कोणी ऑफिसला, कोणी नातवाला शाळेतून आणायला. त्यांची कार्डं आपण घेतच नाही कारण 'अर्धा राऊंड'. २०२४ पासून नऊ होलचं कार्ड टाकलं की उरलेल्या नऊचा अपेक्षित स्कोअर धरून लगेच अठराचं डिफरन्शियल तयार होतं, पूर्वीसारखं दुसऱ्या नऊची वाट बघत बसायला लागत नाही. सौ. म्हणाल्या, तुमच्या अठरापेक्षा आमचे नऊ जास्त खरे असतात, आम्ही बिर्याणी लावत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवीन मेंबरांना पण याचा फायदा होईल. त्यांना ५४ होल खेळले की इंडेक्स मिळतो, अठरा-अठरा किंवा नऊ-नऊ कसेही, पण आपण सांगतो तीन मेडल खेळा, आणि इंडेक्स नाही म्हणून मेडलला घेत नाही! घोडं पेंड खातं ते इथं. (सोमवारी आपला कोर्स बंद असतो तेव्हा कॅडी खेळतात, त्यातला एकजण उसन्या सेटने ७५-७६ मारतो आणि त्याला आयुष्यात इंडेक्स मिळालेला नाही, पण त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.)

शेवटी तुमची खरी काळजी मला माहितीये, ती म्हणजे मेंबर-गेस्ट. एक पाहुणा ४४ पॉइंट करून गेला आणि बक्षिसाची बॅग घेऊन गेला, तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. ३६ म्हणजे आपल्या हँडिकॅपला साजेसं, आणि तेवढं पण साधारण चार-पाच राऊंडमध्ये एकदा जमतं माणसाला, सरासरी माणूस ३२-३३ च्या आसपास घुटमळतो, त्यात ४४ म्हणजे आठ शॉट चांगलं. पण हे बघा, अशा माणसांसाठी सिस्टिममध्ये दोन कुलपं आहेत. डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त चांगलं आलं की इंडेक्समधून वरचा १ जातो, १० किंवा जास्त चांगलं आलं की २ जातात. आणि इंडेक्स वर चढवत न्यायचा म्हटलं तरी वर्षभरातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा ३ वर गेलं की पुढची वाढ अर्धी, आणि ५ वर गेलं की दार बंद. म्हणजे ज्याचा आकडा वर्षात एकदा १२ ला आला होता तो कितीही बोंबलला तरी १७ च्या वर जाणार नाही. पण ही दोन्ही कुलपं लागतात कधी, तर कार्डं आत आली तर. वर्षाला सात मेडलांवर ती नुसती दाराला लटकलेली राहतात. त्या पाहुण्याची मागच्या वर्षभरात किती कार्डं होती ते कोणी त्याच्या क्लबला विचारलं होतं का? पाहुण्याला घ्यायच्या आधी त्याची वीस कार्डांची यादी मागा, आणि कमी असतील तर खेळू द्या, बक्षीस देऊ नका.

तर तो कागद काढा एवढीच विनंती आहे, आणि त्याच्या जागी स्टार्टरच्या खिडकीत एक वही ठेवा, पेन दोरीने बांधून, कारण पेन राहत नाही. तीन महिने करून बघा. नाही जमलं तर तुमचा कागद परत लावा, मी स्वतः टेप घेऊन येतो.

आणि फेब्रुवारीचं ते ८२ चं कार्ड सापडलं. कप्प्यात ओलं होऊन वाळलंय, कडा फाटल्यात, पेन्सिलचे आकडे वाचता येतात, मार्करची सही पण आहे. मेंबर-गेस्टला आम्ही अकरावे आलो, म्हणजे लपवून काही मिळालं असंही नाही. कार्ड या पत्राला टाचलंय. उशिरा आलेलं आहे, घ्यायचं की पेनल्टी लावायची ते तुम्ही ठरवा, मी वाद घालणार नाही. येत्या शनिवारी आमची ६:४० ची टी आहे, चौघांचीही नावं हँडिकॅप राऊंड म्हणून आत्ताच लिहून देतोय. आमच्यातल्या एकाने अजून हो म्हटलेलं नाही, पण त्याला बिर्याणीवर आणतो.

तुमचाच,
१५.७ चा (खरं तर १४.४ चा) एक मेंबर